मयूरी रस्त्यावर असताना

८ मे
सांगून टाकलं एकदाचं! मोबाईलला रेंज फक्त ओढ्यावरच्या मोरीवर, त्यामुळे बेळगावच्या समुपदेशक सुप्रिया मॅडमना फोनवर माझं गुपित चार माणसांदेखत सांगावं लागलं. माझी लेक मयूरी जीपने जोयड्याला कॉम्प्युटर क्लासला निघाली की ती पोचेपर्यंत तासभर मी उभी असते. बसले की गाडीला काहीतरी होणार.

मॅडम हसल्या नाहीत. शेजारची देवकी वैनी हसली. ती पलीकडे भावाला फोन लावत होती.

मॅडमनी विचारलं, ‘या समजुतीवर किती टक्के विश्वास आहे?’

‘पंच्याण्णव.’

‘छान. म्हणजे पाच टक्के आपल्याकडे आहेत.’

घाई आहे. मयूरीला धारवाडच्या कॉलेजात जागा मिळालीय. एकतीसपर्यंत हजर व्हायचं. मी अजून हो म्हटलेलं नाही. धारवाड म्हणजे चार तास!

९ मे
गृहपाठ — मुद्दाम बसून बघायचं. उद्या.

१० मे
बसले. दारात, पाटावर, नीट मांडी घालून. दोनदा उठावंसं वाटलं. खांब धरून ठेवला.

संध्याकाळी जीपवाला नागू अंगणातूनच ओरडला, ‘अक्का, आज गवा आडवा! अर्धा तास हलंना. हॉर्न मारला तर माझ्याकडंच बघत ऱ्हायला!’

शंभर टक्के.

११ मे
वैनीने नागूला सगळं सांगितलं. आज त्याने जीप दारात थांबवली. ‘उभ्या हाय न्हवं, अक्का? मग सोडतो.’ मागून लाडूमामांनी मान बाहेर काढली. ‘हिला बसाय देऊ नका रे कोणी! मला दवाखान्यात येळेवर जायाचं हाय.’

काल मी एकटी वेडी होते. आज अख्खी जीप!

१५ मे
जीपचं ऐकून आज मॅडमना हसू आवरलं नाही. मग म्हणाल्या, ‘तुम्ही उभ्या असताना गाडीला कधीच काही झालं नाही?’

हे मी कधी विचारलंच नव्हतं! नागू मोरीपाशीच चाकात हवा भरत होता. त्यालाच विचारलं.

‘ह्या वर्साला? चार पंक्चर. एकदा रेडिएटर. एकदा झाड आडवं पडल्यालं.’

‘आणि मी तेव्हा?’

‘उभ्याच की वो! रोज बघतो न्हवं दारात...’ बोलता बोलता त्याचाच पंप थांबला.

माझे साठ टक्के. नागू म्हणाला, ‘माझं चाळीस लिवा.’

२२ मे
पाच दिवस बसले. गवा नाही. तीस टक्के! मॅडमनी शाबासकी दिली, मोरीवरच्यांनी टाळ्या वाजवल्या.

पण मयूरीला ‘जा’ म्हणायला तोंड उघडत नाही. मुलीला अडवून ठेवायला तीस टक्केही पुरतात. मॅडमना विचारलं, शून्य कधी होणार?

‘शून्याची वाट बघू नका.’

मग कशाची बघू? एवढ्यात रेंज गेली.

२६ मे
म्हटलं. ‘जा.’ आणि परसात जाऊन भांडी घासत बसले. घासलेलीच होती सगळी.

मला वाटलं, मयूरी उड्या मारेल. तिने माझ्या गुडघ्यांना लावायचं तेल तेवढं पुढे आणून ठेवलं.

३० मे
जोयडा स्टँड. धारवाडची गाडी निम्मी रिकामी, आणि मयूरी दांडा धरून उभी! खिडकीतून म्हटलं, ‘अगं, जागा आहे की!’

‘तू घरी चार तास उभी राहणार. मी कशी बसू? आधी तू बस.’

कंडक्टर ओरडायला लागला. स्टँडवरचं बाकडं भरलेलं. मी तिथेच, नव्या साडीनिशी, धुळीत फतकल मारली. तेव्हा कुठे ती सीटवर टेकली. गाडी सुटली.

बसले की गाडीला काहीतरी होणार, हा विश्वास त्या क्षणी शंभर टक्के होता. तरी बसले.