लोकसहभागातून वीज

ती. ताईस,

धाकट्या भावाचा नमस्कार. (वाकून केलाय असं समज. गुडघा वाकत नाही, पण ते तुला तिथून दिसणार नाही.) तुझं ब्लडप्रेशर आता कसं आहे ते कळव, आणि खरं कळव. मागच्या वेळी ‘ठीक’ लिहिलंस आणि नंतर तुझ्या शेजारणीकडून कळलं की दोन दिवस खाटेवर होतीस. आमच्याकडे सगळे बरे. दुकान चालू आहे, लोकांच्या सायकली पंक्चर होतायत, देवाची कृपा.

आता मुद्दा. तुझ्या लेकीचा महोत्सव पार पडला. नीट पार पडला. हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर तू शेवटचं पान आधी वाचतेस हे मला माहीत आहे. विमा कचेरीतली कायमची नोकरी सोडून पोरगी ‘शहराचा कला आणि पर्यावरण महोत्सव’ भरवायला निघाली म्हणून तू सात महिने तिच्याशी बोलली नाहीस. हा पोरखेळ आहे आणि पहिल्याच वर्षी तोंडावर आपटेल, असं तुझं म्हणणं. माझंही तेच होतं. (तुला बोललो नाही. तिला तर नाहीच नाही.) पालिकेनं अनुदान मंजूर केलं, पण हातात दिलं अर्धंच. तपासणीच्या बाई येऊन बघणार, ‘योग्य’ लिहून गेल्या तर उरलेलं मिळणार, ‘अयोग्य’ लिहिलं तर घेतलेलंही परत करायचं. आणि अर्जावर सही एकट्या तुझ्या लेकीची! म्हणजे एका दुपारवर पोरीचं सगळं टांगलेलं.

त्यात घोळ घातला मी. लपवत नाही. अर्ज होता बत्तीस पानी. तो तिनं माझ्या दुकानात बसून भरला, कारण तिच्या खोलीत टेबल मावत नाही. मी वाकड्या चाकाचा आउट काढता काढता सल्ले देत होतो. (सातवीला दोनदा बसलेल्या माणसाचा सल्ला पदवीधर पोरीनं घ्यावा का? पण घेतला.) मागच्या साली व्यायामशाळेला अनुदान मिळालं होतं, त्यांच्या अर्जात प्रत्येक रकान्यात ‘लोकसहभागातून’ असं लिहिलेलं मी डोळ्यांनी बघितलं होतं. मी तिला म्हटलं, तूही तेच ठोक, साहेबलोकांना तो शब्द फार गोड लागतो. खुर्च्या कुठून? लोकसहभागातून. पाणी? लोकसहभागातून. झाडलोट? लोकसहभागातून. हात सरावला की डोकं चालत नाही. सतराव्या पानावर ‘वीज कोठून घेणार’ असं विचारलं होतं, तिथंही तेच लिहून ती मोकळी झाली. पंधरा दिवसांनी पत्र आलं. कल्पना अत्यंत स्तुत्य आहे, लोक वीज कशी तयार करतात हे पाहायला तपासनीस जातीनं येतील, जनरेटर किंवा तारेची वीज आढळल्यास अनुदान रद्द.

पोरगी पत्र घेऊन दुकानात आली ती रडवेली होऊन. मी म्हटलं, अगं, चुकून लिहिलं असं कळवून टाक, कोणी फाशी देत नाही. तर म्हणाली, “मामा, आईला कळलं तर?” घे! पालिकेची भीती नाही, तुझी भीती.

मग काय, माझ्याच गळ्यात आलं. दुकानामागच्या खोलीतल्या बारा जुन्या सायकली बाहेर काढल्या. मागचं चाक उचलून स्टँडवर घेतलं, टायर उतरवून पट्टा चढवला, पट्ट्याला भंगारातल्या मोटारींचे डायनामो. वायरी जोडायला पलीकडच्या गल्लीतला वायरमन बोलावला. (तो सदा टेस्टर दातात धरून बोलतो, त्यामुळे निम्मं कळत नाही. उरलेलं निम्मं न कळलेलं बरं.) त्याचं गणित असं, की बाराही जणांनी दम लावून पायडल मारलं तर एक माइक, दोन भोंगे आणि दिव्यांची एक माळ चालेल. चार थांबले की माळ जाणार, सहा थांबले की माइक. पायडल मारायला माणसं कुठली आणणार? एक तर आमचा निवृत्त पोस्टमन. पस्तीस वर्षं सायकलवर काढलेला, त्याला चालवायला नाही, थांबवायला माणूस लागतो. दुसरा पाववाला, त्याच्या पिंडऱ्या बघूनच घेतला. बाकी दहा जण बागेत सकाळी गोल उभं राहून हसणाऱ्या मंडळातले. माणसं उत्साही, पण अडचण एकच. हसायला लागली की पायडल थांबतं, आणि ती कशालाही हसतात. तालमीत मी ओरडलो त्यालासुद्धा हसली.

तर दुपारी चारला कालव्याकाठच्या बंद गोदामाच्या आवारात गर्दी झाली. एवढी होईल असं वाटलं नव्हतं. भिंतीवर पोरांनी काढलेली चित्रं, बाटल्यांच्या झाकणांचा एक भला मोठा मासा, आणि एक नाटक. त्या नाटकात एक धडधाकट माणूस चाळीस मिनिटं झाड होऊन उभा. मी मध्येच जाऊन विचारलं, बाबा रे, तू बोलणार कधी? तो ओठ न हलवता पुटपुटला, “झाड बोलत नाही, काका.” मग एवढा उंच माणूस कशाला घेतला? खांबानं भागलं असतं. पण लोक बघत होते बरं का. बायका डोळे पुसत होत्या. मला त्यातलं कळत नाही, मी पट्टे बघत होतो.

तपासणीच्या बाई पहिल्या रांगेत. केस घट्ट बांधलेले, मांडीवर वही, चेहरा बंद दुकानासारखा. त्यांच्या शेजारी सभापती, म्हणजे बाईंचे वरचे साहेब. गावात त्यांना दोनशब्दे म्हणतात, कारण भाषणाला उठले की ‘मी दोनच शब्द बोलणार आहे’ म्हणतात आणि मग ऐकणाऱ्यांची दाढी वाढते. उठले. ‘दोनच शब्द’ म्हणाले. पंधरा मिनिटं झाली, वीस झाली, पायडलवाल्यांच्या तोंडाला फेस. ‘पर्यावरण म्हणजे नेमकं काय, याकडे आता वळू या’ असं ते म्हणाले आणि पोस्टमननं घाम पुसायला पाय थांबवला. हसऱ्या मंडळाला वाटलं खूणच झाली. सगळे थांबले. माळ गेली, माइक गेला, साहेबांचे ओठ नुसतेच हलतायत. लोकांना वाटलं भाषण संपलं, टाळ्यांचा कडकडाट!

मी धावलो, मारा रे मारा म्हणून बोंबललो. माइक आला. साहेब पुन्हा सुरू. आता एकदा टाळ्यांची चटक लागल्यावर ही माणसं ऐकतायत होय? तीन मिनिटांनी परत फुस्स, परत टाळ्या. तुझी लेक कोपऱ्यात पांढरी फटक. आणि बाई वही मिटून उठल्या, त्या सरळ माझ्याकडेच. मी म्हटलं, संपलं, आता पोरगी आयुष्यभर पालिकेचे हप्ते फेडणार.

बाईंनी विचारलं, “हे बंद कोण करतं?”

मी म्हटलं, “कोणी नाही हो. माणसांचे पाय आहेत, थकतात. त्या पोरीला बोल लावू नका, यंत्र माझं आहे.”

“म्हणजे पाय थांबले की आवाज थांबतो?”

“हो.”

“नक्की?”

“आत्ता दोनदा बघितलंत की.”

बाईंनी चपला काढून बाजूला ठेवल्या. “मला कमी उंचीची सीट द्या,” म्हणाल्या. मला वाटलं मदत करतायत. पाववाल्याला उतरवून त्यांना बसवलं. बसल्या, दहा-बारा फेरे मारले, मग शेजारच्या पाच जणांकडे एकेक करून बघितलं, आणि हाताची घडी घालून पाय थांबवले. पाचही जणांनी थांबवले. माइक गेला. बाई मला हळूच म्हणाल्या, “अकरा वर्षं दर सोमवारी ऐकतेय मी, काका. अकरा वर्षं.” आणि हसल्या. मग ते मंडळ काय विचारतेस! साहेबांना वाटलं सभा खूश आहे, तेही हसून खाली बसले.

शेवटी आभार मानायला तुझी लेक उठली. तोवर सगळ्यांचे पाय गळाले होते, म्हणून मीच एका सायकलवर चढलो. (गुडघ्याचं तू काही बोलू नकोस.) एकट्याच्या जोरावर माइक काही लागेना. ती तशीच मोठ्यानं बोलली, तीन वाक्यं, आणि खाली उतरली. मागच्या रांगेपर्यंत ऐकू गेलं. एवढं कमी आणि एवढं ठणकावून बोलणारी आपल्या घरात दुसरी एकच बाई आहे, नाव घेत नाही.

काल निकाल आला. ‘योग्य. लोकसहभागाचा प्रत्यक्ष अनुभव घेतला. ही योजना पालिकेच्या सभागृहातही बसवावी.’ वाचून माझा जीव भांड्यात पडला. पोरगी पत्र उशाशी घेऊन दुपारभर झोपली, महिन्याची झोप राहिली होती तिची. तर ताई, आपटली नाही. आपण दोघं चुकलो. मी माझं कबूल केलं, तुझं तू बघ.

बाकी क्षेम. औषध वेळेवर घे.

तुझा,
धाकटा

ता. क. — पुढच्या वर्षाचा अर्ज सोबत जोडलाय. पत्र खरं तर त्यासाठीच. चौथ्या पानावर जामीनदाराची सही लागते आणि जामीनदार पेन्शनवाला हवा. सायकलवाल्याला पेन्शन कोण देतं? तुला आहे. पेन्सिलनं फुली मारलीय तिथं सही कर.

आणखी ता. क. — पोस्टमन जामीन राहायला तयार होता, पेन घेऊनच आला. तुझ्या लेकीनं त्याला चहा पाजून परत पाठवला. म्हणाली, “आईची सही असेल तरच भरते.” मी म्हटलं, मग विचार आईला. म्हणाली, “मी कशी विचारू? ती बोलत नाही ना.” एकीनं बोलायचं नाही, दुसरीनं विचारायचं नाही आणि तिकिटं मी चिकटवायची.

शेवटचं — मुदत पुढच्या शुक्रवारची. टपालानं वेळेत पोचणार नाही, तेव्हा सही करून तू स्वतःच घेऊन ये. टपाल दोन दिवसांत पोचतं असं पोस्टमन म्हणतो. त्याचं ऐकू नकोस.