मडक्याभोवती फिरणारी बाई

थोंगदाम,

बँकॉकच्या वारसा खात्यात साहेब झालास आणि थोरल्या बहिणीला मडकी घडवायला विजेचं चाक पाठवलंस! आज तुझा फोटोवाला म्हणाला, "मावशी, चाकावर बसा ना. तुम्ही फिरता, फोटो हलतो."

"बाबा, आमच्या गावात मडकं ओंडक्यावर थांबतं आणि बाई ते थापटत भोवती फिरते."

"पण लोकांना चाकच वारसा वाटतं. बसला नाहीत तर खात्याच्या प्रदर्शनातून गावाचं नाव जाईल."

"मग तूही फिर माझ्याबरोबर!"

फिरला बिचारा. फोटोत मी स्पष्ट आलेय, मागचं गाव हललंय. लावायचा तर तोच लाव, नाहीतर खुशाल नाव काढ. मी बसणार नाही.

हे टपालात टाकत नाही. सोंगक्रानच्या सणाला जेवायला येशीलच, तेव्हा तोंडावर सांगेन.

तुझी, उभीच असलेली,
बुआलाईताई