जाळीवरची वाकळ

१६ फेब्रुवारी

आजही ओली! दोरीवर बाळाचे लंगोट आणि राजीची वाकळ शेजारी-शेजारी. रेश्माताई बाळंतपणाला माहेरी आली. बाळ झालं आणि तिच्या कुशीतली थोरली, राजी, माझ्या शेजारी निजायला आली. सहा वर्षांची आहे. त्या रात्रीपासून हे सुरू.

रडत नाही. ओली बाजू आत जाईल अशी वाकळ घडी करते आणि भिंतीकडे तोंड करून बसते. ते बघवत नाही. म्हणालो, "राजे, हे आपण थांबवू." बारावी अर्धी सोडलेल्या माणसाने असे शब्द देऊ नयेत.

१७ फेब्रुवारी

रात्रभर विचार केला. छाटणीआधी द्राक्षबागेचं पाणी तोडतात, वेल विसावतो. दुपारपासून राजीचं पाणी तोडलं. कलिंगडही बंद. स्वतःच्या हुशारीवर खूश आहे.

१८ फेब्रुवारी

ओली. शिवाय म्हशीच्या बादलीत तोंड घालून पाणी पिताना सापडली!

२० फेब्रुवारी

तासगावला डॉक्टर मॅडमकडे नेलं. तपासण्या झाल्या, सगळं ठीक. "नवं बाळ आलं की होतं असं. रागवायचं नाही, लाजवायचं नाही. पण पाणी का तोडलं?" मी छाटणीचं सांगितलं. मॅडम चष्मा काढून माझ्याकडे बघत राहिल्या.

"ती द्राक्षबाग आहे का? दिवसा भरपूर पाणी द्या. झोपायच्या आधी थोडं कमी. निजताना लघवीला न्या. आणि धीर धरा."

धीराची गोळी मिळते का, हे विचारणार होतो. नाही विचारलं.

एस.टी.त राजी माझ्याकडे सरकली. मग हळूच — "मामा, छाटणी म्हंजे तू मला कापणार व्हतास?"

२२ फेब्रुवारी, रविवार

माझ्या अकलेची कमाल!

दोरी रस्त्याच्या बाजूला आहे, पोरं बघतात. म्हणून वाकळ शेडवर नेली. मी बेदाण्याच्या शेडवर कामाला, जाळ्यांवर द्राक्षं वाळवतो. वाळवण्यात माझा हात कोण धरणार! अगदी टोकाच्या रिकाम्या जाळीवर पसरली — सावली, वारा, सगळं नियमाप्रमाणे. कामाच्या बायका येतात हे तेवढं विसरलो.

अंबूबाईने वर बघितलं. "आगं बया! ह्यो कंचा नवा बेदाना म्हनायचा?"

सगळ्या हसल्या. राजी माझा डबा घेऊन नेमकी दारात उभी. तिचं तोंड सुकून एवढंसं झालं. माझ्या तोंडातून निघून गेलं — "माझी हाय."

मग जे हसू फुटलं! अंबूबाई तर खालीच बसली. "ज्ञानू, आन् येत्या रविवारी पोरगी बगाय कुंडलला जायचं हाय न्हवं? संगं वाकळ घिऊन जा रं!"

२३ फेब्रुवारी

गावभर झालं. पानटपरीवर एकाने विचारलं, "काय गड्या, पावसाचा अंदाज काय?"

आई चिडली. "पोरीची हाय म्हनून सांग की! कुंडलला कळलं तर लगीन मोडंल तुजं." राजी तिथेच भाकरी खात होती. मी म्हणालो, सांगणार नाही. फार थोर वाटलं. आरशात बघितलं. थोर दिसत नाही.

२५ फेब्रुवारी

कोरडी!!!

२७ फेब्रुवारी

आजही कोरडी! ताईला माझी पद्धत समजावून सांगितली. बाळाला पाजता पाजता ताईच झोपली. अंबूबाईलाही सांगावंसं वाटतं, पण सांगू काय? माझं थांबलं म्हणून?

राजी सध्या इथल्याच शाळेत बसते; तिथल्या बाई म्हणाल्या, वर्गात पेंगते. ऊन वाढलंय.

१ मार्च, रविवार

कुंडल. राजी हट्टाने बरोबर आली. मुलीचं नाव माया. तिने पोहे दिले. मी चमचा सरळ धरला आहे ना, एवढंच बघत होतो.

मायाच्या मामांनी घसा खाकरला. "पावनं, कसला आजारबिजार न्हाई न्हवं? कानावर आलंय, म्हनून इचारतो."

राजी माझ्या मांडीवर पेंगत होती, ती एकदम ताठ झाली. "मामा आता न्हाई करत! म्या रातभर जागी असतीया न्हवं!"

सगळे हसले. माया नाही हसली. राजीच्या डोळ्यांकडे बघत म्हणाली, "आवं, मग त्या पोरीला झोपू द्या की."

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. शेजारी निजणाऱ्या मला कळलं नाही, ते पोह्यांची बशी घेऊन उभ्या असलेल्या मुलीला कळलं!

परतीच्या एस.टी.त राजीला विचारलं. खिडकीबाहेर बघत म्हणाली, "झोप लागली की व्हतंय. मग परत तूच माझी म्हनशील. मग तुजं लगीन मोडंल."

माझी पद्धत!

"राजे, तू झोप. वाकळंचं मी बघतो," एवढंच म्हणालो. घर येईपर्यंत खिडकीबाहेर बघायची पाळी माझी.

२ मार्च

कुंडलहून अजून निरोप नाही.

वाकळ ओली. चिंब! राजी तोंड उघडं टाकून अजून झोपली आहे. देव पावला.

वाकळ शेडवर नेतो. माझीच आहे.