पुलापलीकडचं सीमोल्लंघन

अप्पा,

परवा दसऱ्याला आमच्याकडे बरीच मंडळी जमली होती. जेवणं झाल्यावर नेहमीप्रमाणे कुणीतरी म्हणालं, "ती अप्पांची बंदुकीची स्टोरी सांग ना यार!" मी सांगितली. गेली कित्येक वर्षं सांगतोय, त्यामुळे कुठे थांबायचं, कुठे तुमचा आवाज काढायचा, सगळं पाठ झालंय. अप्पा बंदुकीची पेटी उघडी टाकतात, पोलीस येतो, अप्पा हेडमास्तरी इंग्रजीत त्याला तोंड देतात. लोक पोट धरून हसले. नंतर उरलेलं अन्न डब्यांत भरताना तुमची नात म्हणाली, "बाबा, यू ऑलवेज मेक हिम साउंड स्टुपिड. वॉज ही?" मी म्हटलं, "अगं, गंमत असते ती." ती डब्यांची झाकणं लावत राहिली. तेव्हापासून मला अन्न गोड लागत नाही, म्हणून हे लिहायला बसलोय.

तुम्ही इथे न्यू जर्सीत, एडिसनला आलात तेव्हा आई जाऊन वर्षही झालं नव्हतं. जन्मभर हायस्कुलात इंग्रजी शिकवलेला माणूस इथे दिवसभर खिडकीशी बसून कोणाची गाडी आली, कोणाची गेली एवढंच बघायचा. आम्ही दोघं कामावर, पोर शाळेत. बेसमेंटमधला माझा उद्योग कळल्यावर तुम्ही भडकलात. "मास्तराच्या घरात बंदूक? शोभतं का तुला?" मग मी माझं कार्ड दाखवलं. पोलिसांनी बोटांचे ठसे घेऊन, ओळखीच्या लोकांकडे माझी चौकशी करून दिलेलं. त्याशिवाय न्यू जर्सीत रायफल घेताच येत नाही, हे समजावलं. जुनी लष्करी रायफल दुकानातून रीतसर आणायची, तिचा जड दस्ता काढून अक्रोडाच्या लाकडाचा नवा कोरायचा आणि क्लबात जाऊन कागदावर नेम धरायचा, एवढीच माझी हौस होती. त्यातही नळी ठरल्यापेक्षा आखूड चालत नाही, नेताना रिकामी आणि बंद पेटीत न्यायची, वाटेत कुठे रेंगाळायचं नाही. हे सगळं ऐकल्यावर तुमचा चेहरा निवळला. "एवढे नियम आहेत म्हणजे काम सभ्य दिसतंय," म्हणालात.

त्यानंतर तुम्ही रोज खाली यायला लागलात. मी जवसाच्या तेलाचा डबा उघडला तसे तुम्ही हुंगून म्हणालात, "अरे, हे तर बॅटचं तेल!" शाळेच्या क्रिकेटच्या बॅटी तुम्ही दरवर्षी पोरांना घेऊन तेल पाजून ठेवायचात. कोटाच्या बाह्या सरसावल्या आणि तळहातानं दस्त्यावर तेल चोळायला लागलात. मी बघतोय, बल्बच्या उजेडात तुमचा हात मागेपुढे होतोय आणि तुम्ही शाळेच्या एका हरलेल्या मॅचबद्दल सांगताय, आणि आई गेल्यानंतर पहिल्यांदाच मधेच हसताय. तुमची सून वरून जेवायला हाका मारतेय तरी दोघांपैकी कोणी उठत नाही. लहानपणी मी तुमच्याजवळ असा कधी बसलोच नव्हतो, घरातही तुम्ही हेडमास्तरच असायचात. त्या लाकडानं मला बाप दिला असं म्हटलं तर तुम्ही म्हणाल, जास्त बोलतोस. पण तसंच होतं.

खंडेनवमीला तुम्ही रायफल पाटावर ठेवलीत, शेजारी माझी पटाशी-कानस, सुनेचा टाइपरायटर. "आजोबा, व्हाय डज द गन गेट कुंकू?" असं पोरीनं विचारलं. तुम्ही म्हणालात, "बिकॉज इट मस्ट रिमेंबर इट्स मॅनर्स." दसऱ्याला तुम्हाला सीमोल्लंघन हवं होतं. "इथली शीव कुठली रे?" मी सहज म्हटलं, डेलावेअर नदी. पूल ओलांडला की पेनसिल्व्हेनिया, तिथे माझं हे कार्डसुद्धा लागत नाही. तुम्हाला त्याची भारी मौज वाटली. "म्हणजे नदी ओलांडली की माणूस जास्त शहाणा होतो?" माझा क्लबही पलीकडेच होता, म्हणून रविवारी दोघं निघालो. शेजाऱ्यांच्या झाडाची पिवळी पडलेली पानं तुम्ही सोनं म्हणून खिशात घेतली होतीत.

पलीकडे नदीकाठच्या पिकनिकच्या जागेत तुम्ही गाडी थांबवायला लावलीत. शीव ओलांडल्यावर हत्याराला सोनं वाहायचं होतं. मी मागच्या सीटवरची पेटी किल्लीनं उघडून दिली. तुम्ही दार उघडं टाकून, टोपी नीट करून, हात जोडून मोठ्यानं श्लोक म्हणायला लागलात. बाजूच्या बाकावर एक कुटुंब सँडविच खात होतं, ते खायचं थांबलं. त्यांची पोरं बघायला लागली. माझे कान तापले. "अप्पा, पुरे आता, लोक बघतायत," म्हणून मी तुम्हाला जवळजवळ ढकलूनच गाडीत बसवलं. तुम्ही एवढंच म्हणालात, "बघू देत की."

क्लबाला त्या दिवशी कुलूप होतं. पेटी गाडीतून न काढताच परत येताना, पूल उतरल्यावर पोलिसानं गाडी थांबवली. मागचा दिवा गेला होता, इतकंच. पण त्यानं मागच्या सीटकडे पाहिलं. पेटीचं झाकण हादऱ्यानं वर आलं होतं, फटीतून पिवळं पान आणि दस्त्यावरचं लाल कुंकू दिसत होतं. त्यानं हात कमरेकडे नेला. "हूज रायफल इज दॅट?" पुढच्या महिन्यात माझा सिटिझनशिपचा इंटरव्ह्यू होता, हे तुम्हाला ठाऊक होतं. तुम्ही ताठ बसून म्हणालात, "ऑफिसर, द रायफल इज माइन. माय सन हॅज नथिंग टु डू विथ इट." पोराची चूक बापानं अंगावर घेतली की म्हाताऱ्या माणसाला कोण काय करणार, असा आपल्याकडचा हिशेब. पण तुमच्याकडे कार्ड नव्हतं, अप्पा. तुमचं ते वाक्य खरं धरलं असतं तर तुम्हाला बेड्या पडल्या असत्या. मी ओरडलो, "ही इज लाइंग! ही इज ओल्ड, ही इज फ्रॉम इंडिया, ही डझन्ट अंडरस्टँड एनीथिंग!"

पोलिसानं माझं कार्ड पाहिलं, पेटी ट्रंकमध्ये ठेवायला लावली आणि ताकीद देऊन सोडलं. जाताना खिडकीत वाकून, बहिऱ्याशी बोलावं तसं, एकेक शब्द सुटा करून तुम्हाला म्हणाला, "यू, सर, हॅव, अ, नाइस, डे." तुम्ही म्हणालात, "थँक यू." तेवढंच. ज्या माणसानं शेकडो पोरांना इंग्रजी बोलायला शिकवलं, त्यानं पुढे घरापर्यंत एक शब्द काढला नाही. मी गाडी चालवता चालवता कायदा समजावत राहिलो. घरी आल्यावर सुनेला म्हणालात, "सीमोल्लंघन छान झालं हो." दुसऱ्या दिवशी मी खालून हाक मारली तर म्हणालात, आज गुडघा दुखतोय. मग रोजच दुखायला लागला. थंडी पडायच्या आत तुम्ही परत गेलात, आणि पुन्हा आपली भेट झाली नाही.

तुम्ही आयुष्यात एकदा खोटं बोललात, तेही माझ्यासाठी, आणि मी तुम्हाला परक्या माणसासमोर खोटारडा आणि अडाणी ठरवलं. तुम्हाला वाचवायलाच मी ओरडलो, असं मी स्वतःला सांगत आलोय. ते खरंही आहे. पण हात जोडून उभ्या असलेल्या तुमची त्या नदीकाठी मला आधीच लाज वाटली होती, आणि तीच माझ्या तोंडून बाहेर पडली. आता मला त्या लाजेची लाज वाटते. बाकीच्या रायफली मी केव्हाच विकून टाकल्या. ही ठेवलीय. कुंकू लाकडाच्या रेषेत मुरलंय, मी ते घासून काढलं नाही.

तुमच्या नातीला मराठी वाचता येत नाही, म्हणून हे तिला वाचून दाखवायचं ठरवलं होतं. पण इथून पुढचं माझ्याच्यानं वाचवेल असं वाटत नाही. अप्पा, त्या दिवशी पेटी तुम्ही उघडी टाकली नव्हती. लोक बघतायत म्हणून मी झाकण नुसतं आपटलं आणि निघालो. किल्ली सगळा वेळ माझ्या खिशात होती.