भैरवीच्या आधीची चिठ्ठी

घोडेगाव
वैशाख, दुपारची वेळ

अहो,

काल धोंडिबा आला होता. लिंबाखाली बैलगाडी सोडून तो ओट्याशी आला आणि त्याने नेहमीसारखी हाक मारली, "कंपौंडर सायेब, बरं वाटतंय न्हवं आता?" मी आत भाकरी थापत होते. हात काठवटीत तसाच राहिला. तुम्हाला जाऊन पाच महिने झाले आणि हा बाहेरून तुमची प्रकृती विचारतोय.

त्या बिचाऱ्याला कोण कळवणार होतं? दसरा झाल्यावर तो जामखेडकडून ऊस तोडायला निघाला, वाटेत कार्तिकात तुम्हाला खाटेवर पाहून गेला, तो आता परतीच्या वाटेवर. मी बाहेर येऊन सांगितलं. तो माझ्या मोकळ्या कपाळाकडे बघत राहिला. मग त्याने बाहेरच्या खोलीच्या खिडकीकडे पाहिलं. "मंग वैनी, आत कोन गुनगुनत हुतं?"

म्हणून हे पत्र लिहायला बसले आहे. आत कोणी नव्हतं. तुमच्या टेपरेकॉर्डरवर खाकी कव्हर घातलेलं, टेप डब्यात आणि डबा कपाटात. मी विचारलं, काय गुणगुणत होते? त्याला रागाचं नाव कुठून ठाऊक असणार. "ते दुपारचं वो. दवाखान्यातनं जेवाया आल्यावर सायेब म्हनायचे ते." म्हणजे सारंग.

धोंडिबाला तुम्ही माझ्यापेक्षा जास्त ओळखता. तो थापा मारणाऱ्यातला नाही.

मला तुम्हाला एक गोष्ट सांगायची आहे. मार्गशीर्षापासून ती माझ्यापाशीच आहे. आपल्या सुमीलाही सांगितलेली नाही. आणि कालपासून मला वाटतंय, ती तुमच्या कानावर पडल्याशिवाय तुम्ही या घरातून हलणार नाही.

पण आधी थोडं भांडून घेते. तेवीस वर्षांची सवय अशी एकदम कशी जाईल?

त्या टेपपायी तुम्ही दोन वर्षं माझा जीव खाल्लात. माझ्या भावाने मुंबईहून ते जुनं मशीन आणून दिलं आणि तुम्हाला गुरांच्या दवाखान्याइतकंच दुसरं काम मिळालं. तुमचं म्हणणं एकच. मोठ्यांचं गाणं मोठ्यांनीच का ऐकावं? बाजाराला बैल घेऊन आलेल्या माणसालाही ते आवडलं पाहिजे. म्हणून लोकांना आवडतील अशा निवडक नऊ चिजा एका टेपवर घ्यायच्या. फार लांबण नको. ऐकता ऐकता मान हलली पाहिजे. डब्यावर निळ्या शाईने तुम्ही लिहिलंत, 'सर्वांसाठी'.

रेडिओसमोर उशी, उशीवर माइक आणि मला स्वयंपाकघरात हलायची बंदी! बांगडी वाजली की तुम्ही डोळे वटारायचात. पुन्हा कधीतरी तीच चीज लागेपर्यंत तुम्ही महिनोन् महिने वाट पाहायचात. मग दाढीच्या ब्लेडने फीत कापून जोड लावत बसायचात आणि मला कात्री, चिकटपट्टी असं काही ना काही आणायला पिटाळायचात. एवढं करूनही माझ्या बांगड्या त्या टेपमध्ये आल्याच. शेजारची बकरीसुद्धा आली.

आणि तुम्ही स्वतः? समेवर आलं की तुमच्या तोंडून 'हं' निघायचंच. माइकला नाक लावून बसलेला माणूस, तोच दर वेळी घोळ घालायचा. तोडीत तीन वेळा, सारंगात दोन वेळा. मला गाण्यातलं काही कळत नव्हतं, खरं सांगायचं तर कंटाळाच यायचा, पण तुमचे 'हं' मात्र मला पाठ झाले होते.

बाजाराच्या दिवशी तुम्ही मशीन खिडकीत ठेवायचात. गुरं दाखवायला आलेली माणसं ओट्यावर टेकायची. या दुष्काळात तर माणसं हाडं निघालेले बैल मिळेल त्या भावाला विकायला आणायची आणि चहासुद्धा न घेता तुमची टेप ऐकत बसायची. कोणी वा म्हणायचं नाही. मान मात्र हलायची. तेवढ्यावर तुम्ही आठवडाभर खूश.

एका बाबतीत मात्र तुमचा कडक शिरस्ता होता. नववी चीज भैरवी. ती सगळ्यात शेवटी. भैरवी झाली की बैठक संपली, त्यावर कोणी गायचं नाही, बसलेल्यांनी उठायचं. चुकून कोणी मधेच ती लावू नये म्हणून तुम्ही आठव्या आणि नवव्या चिजेच्या मधे, गुंडाळलेल्या फितीत कागदाची चिठ्ठी घालून ठेवायचात. चिठ्ठी दिसली की मशीन बंद करायचं. ओट्यावरचे लोक घरी जायला निघाले तरच चिठ्ठी काढायची. हा नियम तुम्ही मलाही मशीन शिकवताना दहा वेळा सांगितलात, जणू मी दवाखान्यातली नवी शिपाई होते.

मग कार्तिकात तुम्ही अंथरूण धरलंत. छातीत पाणी झालं. बाहेरच्या खोलीत खाट टाकली, कारण तुम्हाला मशीन दिसायला हवं होतं. रोज मी टेप लावायची. तोडीपासून आठव्या चिजेपर्यंत. चिठ्ठी दिसली की बंद, पुन्हा मागे फिरवायची, पुन्हा पहिल्यापासून. एकदा मी विचारलं, भैरवी लावू का? तुम्ही धाप लागलेली असताना म्हणालात, "ती राहू दे. ती झाली की उठावं लागतं."

डॉक्टरांनी ओट्यावर उभं राहून मला सांगितलं होतं, चार दिवस म्हणा, फार तर आठ. तीन आठवडे गेले. तुम्ही त्या आठ चिजांना धरून बसला होतात. मी हे डोळ्यांनी पाहिलंय. टेप चालू असेपर्यंत श्वास चालायचा, मागे फिरवताना तो अडकायचा, तोडी लागली की पुन्हा सुरू. तुमच्या पाठीला झालेल्या जखमा मी पुसत होते. पाणीसुद्धा चमच्याने जात नव्हतं.

अहो, ती चिठ्ठी आपोआप पडली नव्हती. मी काढली.

त्या दुपारी चौथ्यांदा टेप लावताना मी ती हळूच ओढली आणि पदराच्या टोकाला बांधली. आठवी चीज संपली. जोडाची ती करकर झाली. मी हात मांडीवर ठेवून बसले, मशीन बंद केलं नाही. भैरवी लागली तसे तुमचे डोळे माझ्याकडे वळले. त्या नजरेत राग होता की सुटका, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. पहिली सम आली. टेपमधून तुमचं 'हं' आलं. खाटेवरून आलं नाही.

चीज संपायच्या आत तुम्ही गेलात. फितीचं टोक सुटून चाकावर फटफट आपटत राहिलं, तरी मी उठले नाही.

तुम्हाला सोडवायचं म्हणून केलं, असं मी स्वतःला सांगत आले आहे. ते खरं आहे. पण मी दमलेही होते. मला एकदा पाय पसरून झोपायचं होतं. हेही खरं आहे, आणि हे लिहिताना मला लाज वाटते.

सुमी संगमनेरहून आली तेव्हा तिने विचारलं, "आई, भैरवी कशी लागली? बाबा तर चिठ्ठी घालायचे." मी म्हणाले, पुसताना पडली असेल. तिने ते खरं मानलं. गावाने तर तुमच्या मरणाचं कौतुकच केलं, काय पुण्यवान माणूस, भैरवी ऐकत गेला. मी मान खाली घालून ते कौतुक ऐकून घेतलं. लोकांना वाटलं दुःखाने बोलवत नाही.

आता कालचं पुढचं ऐका. धोंडिबा म्हणाला, "वैनी, ती टेप लावा की जरा. तेवडंच सायबांला भेटल्यावानी हुईल." मी त्या दिवसानंतर मशीनला हात लावला नव्हता. लावलं. तोडी सुरू झाली. माझ्या बांगड्या वाजल्या, ज्या आता हातात नाहीत. स्टोचा आवाज आला. बकरी ओरडली. समेला धोंडिबाची मान हलली आणि आम्ही दोघंही तुमच्या 'हं'ची वाट पाहिली.

ते आलं नाही.

मला वाटलं माझं मोजणं चुकलं. दुसरी सम गेली, तिसरी गेली. सारंग लावला. त्यातही नाही. मागे फिरवून पुन्हा लावलं. बांगड्या जिथल्या तिथे, बकरी जिथल्या तिथे, तेवढे तुमचेच आवाज कोणीतरी वेचून काढल्यासारखे गेलेले. धोंडिबाने विचारलं, "सायबांचं पुसून टाकलं व्हय?" अहो, पुसणारी मी कोण? आणि पुसायचंच असतं तर तुम्ही ज्यांच्यावर डोळे वटारायचात त्या बांगड्या नसत्या का पुसल्या?

मी मशीन बंद केलं. खोलीत उन्हाचा पट्टा होता आणि त्यात तुमची खाट. ती मी उभी करून ठेवली होती. काल ती आडवी होती. मीच कधीतरी टाकली असेन, असं म्हणून मी त्याकडे पाठ केली.

 मग धोंडिबाने त्याच्या सरजाची गोष्ट काढली. परवाच्या साली पाय मोडलेला तो बैल त्याने गाडीत घालून दवाखान्यात आणला होता. डॉक्टर सुई भरत होते आणि तुम्ही बैलाचं डोकं मांडीवर घेऊन त्याच्या कानात बोललात. धोंडिबाला शब्द न् शब्द आठवतो. "झालं बाबा तुझं काम. आता सुई देतोय. जा तू." मी हे कधी ऐकलंच नव्हतं. घरी येऊन तुम्ही फक्त हात धुवायचात आणि जेवायला बसायचात.

"सायेब समद्या जनावरांला सांगायचे," धोंडिबा म्हणाला. "मी इचारलं, येवडं सांगत का बसता? तर म्हनले, न सांगता घालवलं की ते जात न्हाई, दावनीलाच घुटमळतंय." मग त्याने खिडकीकडे पाहिलं. "सायबांला बी देवानं सांगून न्हेलं नसंल. तसाच न्हेला आसंल."

 देवावर आळ गेला, तो मी जाऊ दिला.

तो गेल्यावर मी रात्रभर तळमळले असेन असं तुम्हाला वाटेल. चक्क झोपले. सकाळी उठल्यावर मात्र डोकं लख्ख झालं होतं. तुमचा हिशेब साधा होता. जनावराला जे कळायला हवं ते माणसालाही कळायला हवं. मी भैरवी लावली यात चूक होती की नाही, देव जाणे. पण मी तुमच्या कानाशी वाकून "आता लावते हं" एवढं म्हटलं नाही. तुमच्याच बायकोला तुमचं एवढं साधं काम जमलं नाही.

म्हणून आज जेवण उरकून, बाहेरच्या खोलीकडे पाठ करून, हे लिहायला बसले. आणि अहो, दुसऱ्या पानावर आले तेव्हापासून मला ऐकू येतंय.

इतके दिवस मी त्या खोलीत थांबतच नव्हते, दुपारभर स्टोच्या आवाजात बसायची. आज स्टो बंद आहे. आधी वाटलं गांधीलमाशी असेल. मग चाल ओळखीची वाटली. सारंगच आहे. मी लेखणी थांबवली तरी तो थांबत नाही. भैरवीनंतर कोणी गायचं नाही म्हणणारे तुम्ही, आणि आता भैरवीनंतर गाताय! मघाशी सम आली. माझ्या खांद्यामागे, फार तर दोन हातांवर, 'हं' झालं. मला भीती वाटली. मी वळून पाहिलं नाही.

आता माझी पंचाईत ऐका. तुम्हाला सांगितलं की तुम्ही जाणार. सांगितलं नाही तर असेच घुटमळत राहणार, आणि ते हाल माझ्यामुळे. हे नुसतं लिहून भागणार नाही, हे मला कळतं. माझं अक्षर तुम्ही जन्मात कधी वाचलंत? किराण्याची यादीसुद्धा मला मोठ्याने वाचायला लावायचात. म्हणजे हेही वाचूनच दाखवावं लागणार.

तर वचन देते. हे पत्र मी त्या खाटेशी बसून एकही ओळ न गाळता मोठ्याने वाचेन. चिठ्ठी मी काढली हे माझ्या तोंडाने सांगेन, दमले होते तेही सांगेन. मग टेप पहिल्यापासून लावेन, आणि भैरवीच्या आधी थांबून, वाकून, तुम्हाला विचारेन. सुमीलाही खरं काय ते सांगेन.

फक्त आज नको. आज तुम्ही गाताय आणि मला पहिल्यांदाच कंटाळा आलेला नाही.

तुमची,
मालती