क्लचवाली की बिनक्लचची?

चंद्रपूर,
दि. ४ ऑक्टोबर २०२५

ती. बाबांना प्रफुलचा सविनय जयभीम, वि. वि.

एस.टी.तून रिटायर होऊन चार वर्षं झाली, तरी 'तोंडी काही नाई, लेखी पाठव' हा तुमचा डेपोतला खाक्या सुटत नाही. फोनवर दोनदा भांडून झालं, आता हा घ्या लेखी अहवाल. कुरखेड्याच्या गाडीच्या कंडक्टरकडे देतो आहे, संध्याकाळी स्टँडवर जाऊन घ्या.

दोनच गाड्या उरल्या आहेत, एक जर्मन आणि एक कोरियन. जर्मनचा पत्रा दणकट, दरवाजा लावला की धप्प आवाज येतो, तुम्हाला आवडेलच. पण ती आत्ता मिळते ती क्लचवाली. तिच्यात ऑटोमॅटिक हवी तर जानेवारी उजाडेल. कोरियन मात्र ऑटोमॅटिक, दोन आठवड्यांत दारात. मागची सीट ऐसपैस आहे, रिनाला पाय लांब करता येतील. गाडीचं पोट घासेल असं तुम्ही म्हणाल, म्हणून पाच माणसं बसवून स्पीडब्रेकरवरून नेली. घासली नाही.

खरी काळजी रिनाची. तिचं बीपी पाहून डॉक्टरीणबाईंनी बजावलंय, कळा सुरू झाल्या की तासाभरात ब्रह्मपुरी गाठायची. तिचं माहेर पार एटापल्लीकडे, सूरजागडच्या खनिजाच्या ट्रकांच्या रस्त्यावर. तिथं पाठवायची माझी छाती होत नाही. तिची शाळेतली नोकरी कुरखेड्याला, म्हणून ती तुमच्याजवळ, आणि मी इथं वीज केंद्रात शिफ्ट करतोय. म्हणजे गाडी घेणार मी, पण राहणार ती तुमच्या दारात आणि त्या दिवशी चालवणार तुम्ही. बाळंतपणाची तारीख नोव्हेंबरच्या मध्याची, म्हणजे फार दिवस नाहीत. माझं मत कोरियनला.

आईला जयभीम. तुमची माया आहे तशीच राहो.

आपला,
प्रफुल


कुरखेडा,
दि. ७ ऑक्टोबर २०२५

चि. प्रफुल यास बापूरावचा आशीर्वाद.

अहवाल वाचला. नामंजूर.

बाप्पा! बिनक्लचची गाडी म्हणजे जत्रेतली गाडी, पोराईले बसवा अन् फिरवा. मी तीस वर्षं एस.टी. हाकलली. कोरचीच्या घाटात पावसापाण्यात चालवली, एक कोंबडी मारली नाई. अन् तू मले आता शिकवतं? गाडी हाती पाह्यजे त क्लचवालीच पाह्यजे. जर्मन आण. लोखंड लोखंडासारखं वाजलं पाह्यजे.

कालच शेजारच्या गुणवंतरावची गाडी मागून रिनाले वडशाले सोनोग्राफीले नेलं अन् आणलं. तिले विचार, पोटातलं पाणी हाललं काय? बाळ बरोबर आहे म्हणते.

अन् एक ध्यानात ठेव. कोरियन आणशील त मी तिच्यात पाय ठेवत नाई. मग त्या दिवशी रिनाले कोण नेईल, तेही लेखी कळव.

तुझी आई बरी आहे. खाणंपिणं सांभाळ.

तुझा बाप,
बापूराव


कुरखेडा,
दि. ११ ऑक्टोबर २०२५

चि. प्रफुलले आईचे लाख आशीर्वाद.

हे पत्र वाचलं की फाडून टाक. तुझे बाबा अंघोळीले गेले, तेवढ्यात लिहून राह्यली. फोनवर बोलता येत नाई, ते बाजूलेच बसून राहतेत.

बाळा, तुझ्या बाबाच्या पायाले समजत नाई. मागच्या बुधवारी बाजारातून आले त एकाच पायात चप्पल. मी म्हणलं, डावी कुठी टाकली? तेव्हा त्याईनं खाली पाह्यलं. तापल्या डांबरावरून एवढे चालत आले, पत्ताच नाई. त्याच्या आधी काच घुसली होती, रक्त मले दिसलं. ही शुगर आहे, दुसरं काही नाई. दवाखान्यात चला म्हणलं त अंगावर येतेत, मले काय झालं म्हणतेत.

क्लच डाव्या पायाचा असते ना रे? मले गाडीतलं काही समजत नाई, पण माझं काळीज जागेवर नाई. रिनाही वडशाहून आल्यापासून गप्प आहे. विचारलं त काई नाई आई म्हणते. तुझ्या कोरियनले डावा पाय लागतच नाई म्हणतेत, खरं काय? तसं असेल त तेच आण. पण मी सांगतलं असं म्हणू नको. गावात सारे त्याईले आजही डायवरसाहेब म्हणतेत, त्याईची मान खाली गेलेली मले पाहावणार नाई.

दोन घास जास्त खात जा.

तुझी आई,
कांता


चंद्रपूर,
दि. १४ ऑक्टोबर २०२५

ती. बाबांना सविनय जयभीम, वि. वि.

तुम्हाला न विचारता एक काम केलं. कोरियन बुक केली, २५ तारखेला मिळेल.

कारण माझंच आहे. माझा डावा गुडघा सध्या फार दुखतो. पडोलीच्या चौकात कोळशाच्या ट्रकांमागं क्लच दाबून दाबून जीव जाईल. पुढं ती गाडी मलाच वापरायची आहे, तेव्हा माझ्यासाठी एवढं चालवून घ्या. रागवा, महिनाभर बोलू नका, पण हात जोडतो, त्या दिवशी गाडीत बसा. रात्री शिफ्टवर फोन वाजला की हातातलं काम टाकून धावतो. यापुढं भांडायचं त्राण माझ्यात नाही.

आईला आणि रिनाला जपा. माझ्यावरचा जीव कमी करू नका.

आपला,
प्रफुल


कुरखेडा,
दि. १८ ऑक्टोबर २०२५

चि. प्रफुल यास आशीर्वाद.

तुझा गुडघा धडधाकट आहे. लहानपणापासून तुले खोटं बोलता येत नाई. आईनं लिहलं, हे मी समजलो. तिले काही बोललो नाई, तूही बोलू नको.

आता खरं ऐक. सोनोग्राफीच्या दिवशी वडशाच्या रेल्वे फाटकावर गाड्या थांबल्या होत्या. मीही पहिल्या गिअरात, क्लच दाबून उभा. पाय कधी सरकला, मले समजलंच नाई. गाडीनं उडी घेतली अन् पुढच्या ट्रॅक्टरच्या ट्रॉलीपासून हातभर अंतरावर बंद पडली. मागं पाह्यलं त रिनाचे दोन्ही हात पोटावर. मी म्हणलं, गुणवंतरावची गाडीच खटारा आहे. ती म्हणे, हो बाबा. बस, एवढंच. पोरीनं माझी लाज झाकली अन् मी तुले पोटातलं पाणी हाललं नाई म्हणून लिहलं. लाज वाटते रे.

तुझं पत्र आलं तेव्हा आधी राग आला, मग मनातून बरं वाटलं. म्हणलं, चला, कोरियनले उजव्या पायावर भागते, आपली डायवरकी वाचली. पण तपासल्याबिगर गाडी बाहेर काढायची नाई, हा तीस वर्षांचा नेम. म्हणून तुझ्या आईले म्हणलं, मी डोळे मिटतो, तू कोंबडीचं पीस माझ्या उजव्या तळव्याले लाव, लागलं की मी सांगतो. मिटले डोळे. जरा वेळानं म्हणलं, लागलं. ती बोलली नाई. मग म्हणलं, आता अंगठ्याले लागलं. तरी बोलली नाई. डोळे उघडून पाह्यलं त पीस तिच्या हातातच होतं अन् ती रडून राह्यली होती. तिनं अजून लावलंच नव्हतं.

ब्रेक उजव्या पायाचा असते, प्रफुल.

आपण इतके दिवस जर्मन अन् कोरियनवर भांडलो. माझ्या पायाले दोन्ही सारख्याच. मी गाडी चालवायच्या लायक नाई. लायसन या पाकिटात टाकलं आहे, तुझ्यापाशी ठेव. इथी राह्यलं त ऐन टायमाले माझा हात चाबीकडं जाईल. पंचवीस तारखेले गाडी घे, नोव्हेंबरची रजा टाक अन् तूच घेऊन ये. वरचे साहेब नाई म्हणतील त पाय धर. तू येईस्तोवर गुणवंतरावचा ड्रायव्हर रात्री आपल्याच ओसरीवर झोपेल, त्याच्याशी बोललो. सोमवारी तुझ्या आईसंगं मी दवाखान्यात जातो.

त्या दिवशी मागं रिनाजवळ आई बसेल. मले पुढं तुझ्या बाजूले बसव. गिअर बदल, गिअर बदल म्हणून मी तुले तरास देणार नाई.

बाप लेकाले आशीर्वाद देते, लोभ मागत नाई. या खेपेले मागून राह्यलो.

तुझा,
बापूराव