तीन यंत्रांसाठी एकच फोल्डर

सोमवार, ४

१. आपला प्रोग्राम तीन जातींच्या यंत्रांवर चालतो. तिन्हींसाठी तो मी माझ्याच कॉम्प्युटरवर वेगवेगळा तयार करते.
२. चालताना त्याला एक लायब्ररी लागते, म्हणजे तयार कोडची फाइल. तीही तीनदा निघते, एकाच नावाने.
३. तिन्ही मी एकाच फोल्डरमध्ये टाकते. शेवटची आधीच्या दोन्ही पुसते, आणि एका जातीची दुसरीला चालत नाही.
४. आज खालच्या मजल्यावर तपासायला घेतलेलं छोटं यंत्र सुरू झालं नाही.
५. टेस्टिंगच्या ताई वर आल्या.

एक फोल्डर ही चूक नाही. साधेपणा आहे.

मंगळवार, ५

ताई पुन्हा वर. म्हणाल्या, अगं, तीन बिऱ्हाडं एका खोलीत कोंबलीस, भांडतील नाही तर काय! प्रत्येक यंत्राच्या नावाचा फोल्डर कर. मी म्हटलं, विचाराधीन आहे. मग टेबलाच्या कडेला टेकून सासूबाईंच्या नव्या कवळीबद्दल बोलत बसल्या. बराच वेळ गेला माझा.

संकल्प: उद्या फोल्डर वेगळे करणे.

बुधवार, ६

केले नाहीत. असे बदल घाईत करू नयेत. तूर्त छोट्या यंत्राची फाइल मी हाताने काढून देते, ती न्यायला ताईंना यावं लागतं. इलाज नाही. मेल करता येते, पण मेलवर विसंबता येत नाही.

एक रिकामी खुर्ची शेजारी आणून ठेवली. टेबलाची कडा मजबूत नाही.

शुक्रवार, ८

साहेबांनी विचारलं, छोट्या यंत्राचं घोडं कुठे अडलंय? सोमवारी ते ग्राहकाकडे जायचंय. मी म्हटलं, प्रश्न खोल आहे. ताई म्हणाल्या, डोंबलाचा खोल! सरक. माझ्याच कीबोर्डवर दोन ओळी. लायब्ररी यंत्राच्या नावाच्या फोल्डरमध्ये जावी, आणि यंत्राने ती तिथेच शोधावी. तिन्ही यंत्रं सुरू. ताई म्हणाल्या, सुटले बाई, जिने चढून गुडघे गेले माझे.

त्यांनी हे आधी सांगायला हवं होतं.

सोमवार, ११

छोटं यंत्र रवाना. कोणी आलं नाही. कामाला शांतता उत्तम.

मंगळवार, १२

शांतता. नव्या रचनेत दोष शोधला. नाही. पुन्हा शोधला.

बुधवार, १३

ताईंना मेल केली. चार वेळा खोडून शेवटी ही:

विषय: फोल्डरची रचना. तांत्रिक अडचण काही नाही. जेवणाच्या सुट्टीत मी खाली आले तर चालेल का, ते कृपया शुक्रवार, १५ तारखेपर्यंत कळवावे.